सत्कार पुरे, चार्ज द्या

फेब्रुवारी उजाडला की आपल्या कार्यालयांतून फुलांच्या गुच्छांची ऑर्डर जाऊ लागते. ११ फेब्रुवारी हा विज्ञानातील महिला व मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस. संयुक्त राष्ट्रसंघाने तो २०१५ साली ठरवला. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन. मग येतो ८ मार्च. या तीन तारखांच्या दरम्यान वर्कशॉपात, शेडमध्ये, टपाल कार्यालयात तांत्रिक कामावरच्या एखाद्या भगिनीला व्यासपीठावर बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, साहेब दोन शब्द बोलतात आणि फोटो निघतो. ९ मार्चला ती पुन्हा आपल्या जागेवर जाते. ती जागा नेमकी कोणती, तिथे तिच्या हातात काम कोणते आणि सही कशावर, हे विचारणारा मात्र कोणी नसतो. फोटोत आपण युनियनवालेही असतोच, तेव्हा हा प्रश्न आधी आपल्याच घरात विचारलेला बरा.

विज्ञान-तंत्रज्ञानातील स्त्रियांना नेतृत्वासाठी तयार करावे, अशी भाषा आता सरकारही करते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून, घरच्या कारणाने ज्यांचे संशोधन सुटले अशा स्त्रियांसाठी योजना चालवली. २०२० पासून ‘गति’ नावाचा कार्यक्रम आला. आपल्याकडे स्त्रिया वरच्या पदापर्यंत का पोहोचत नाहीत, हे संस्थांनी स्वतःच तपासून सुधारावे, असा त्याचा हेतू. हेतूला नावे ठेवण्याचे कारण नाही. २०१८ सालच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशात संशोधनाच्या प्रत्यक्ष कामात स्त्रिया शंभरात जेमतेम सोळा-सतरा. सीएसआयआरची स्थापना १९४२ ची, तिथे एन. कलैसेल्वी या पहिल्या महिला महासंचालक झाल्या त्या ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे ऐंशी वर्षांनी. आपले रेल्वे बोर्ड १९०५ चे. पहिल्या महिला अध्यक्ष जया वर्मा सिन्हा १ सप्टेंबर २०२३ ला आल्या आणि वर्षभरात निवृत्त झाल्या. त्याही वाहतूक खात्यातल्या.

पण या सगळ्या योजना एम.एस्सी., पीएच.डी. झालेल्यांसाठी आहेत. तंत्रज्ञान म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट येतो. रिले रूममध्ये हातात मीटर धरून उभी असलेली सिग्नलची टेक्निशियन, कारशेडमध्ये बोगीखाली शिरलेली फिटर, टपाल कार्यालयात सर्व्हर बंद पडला की सगळे जिच्याकडे धावतात ती सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, या कोणत्या योजनेत बसतात? कोणत्याच नाही. त्यांना नेता करण्याचे काम कोणी करायचे असेल तर ते युनियनने. आणि आपण काय करतो, त्याचा माझ्याजवळचाच एक दाखला देतो.

चूक माझी आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणाचे नाव घेण्याचा प्रश्न नाही. बारा-चौदा वर्षांपूर्वी मी शाखा सचिव होतो. आमच्या शेडमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडची आयटीआय केलेली एक मुलगी टेक्निशियन ग्रेड तीनमध्ये लागली. शेतकऱ्याच्या घरची, बोलायला कमी, पण हात चांगला. सहा महिन्यांत ती मोटार उघडून कार्बन ब्रश बदलणे, मेगर लावून इन्सुलेशन पाहणे अशी कामे सफाईने करू लागली. जुने मिस्त्रीही म्हणू लागले, पोरगी कामाची आहे. मग तिची रात्रपाळी लागली. शेडमध्ये बायकांसाठी संडास नव्हता. जवळचा म्हणजे ऑफिसच्या इमारतीत, आणि त्या इमारतीला संध्याकाळी सहाला कुलूप. कपडे बदलायलाही खोली नाही. ती युनियन ऑफिसात आली आणि म्हणाली, “दादा, रात्री फार अडचण होते. काहीतरी करा.”

मी केले. दुसऱ्याच दिवशी साहेबांना भेटलो, तावातावाने बोललो, पत्र दिले. पंधरा दिवसांत तिला टाइम ऑफिसात बसवून घेतले. जनरल पाळी, टेबल, डोक्यावर पंखा. पुढच्या गेट मीटिंगमध्ये मी हे युनियनचे यश म्हणून सांगितले. टाळ्या पडल्या. तिच्या वडिलांनी गावाहून येऊन माझे आभार मानले, तेव्हा मला फारच बरे वाटले होते.

सात वर्षांनी ज्युनियर इंजिनियरच्या खात्यांतर्गत परीक्षेची नोटीस लागली. तिच्याबरोबर लागलेली दोन मुले पास झाली, ती राहिली. पेपर होता सर्किटवर आणि फॉल्ट शोधण्यावर. सात वर्षे तिने मस्टर आणि ओव्हरटाइमची पत्रके भरली होती. दरम्यान शेडमध्ये थ्री-फेज इंजिने आली, ती तिने खिडकीतून पाहिली. मी समजूत घालायला गेलो, म्हटले, “पुढच्या वेळी होईल ताई, वाईट वाटून घेऊ नका.” ती म्हणाली, “दादा, मी तुमच्याकडे संडास मागायला आले होते. तुम्ही बदली करून दिलीत.” रागाने नाही म्हणाली. म्हणाली आणि पुढचे पान उलटून हजेरी लावू लागली.

त्या शेडमध्ये नंतर संडास झाला. एक पत्र आणि पीएनएमच्या दोन बैठका, एवढेच काम होते.

साथींनो, हे एका शेडचे नाही. भारतभर जिथे जिथे आपले मराठी रेल्वेवाले आहेत, इटारसी, झाशी, सिकंदराबाद, वडोदरा, तिथून येणारी माणसे हेच सांगतात. मुलगी परीक्षा देऊन तांत्रिक पदावर येते, आणि वर्षा-दोन वर्षांत कुठल्यातरी टेबलामागे दिसू लागते. तिला कोणी हाकललेले नसते. सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, काळजीने तिला तिथे बसवलेले असते. कागदावर हुद्दा टेक्निशियन, हातात पेन. पुढे चार्ज द्यायची वेळ आली की तोच सुपरवायझर म्हणतो, “यांना लाइनचा अनुभव कुठे आहे?” आणि त्याचे म्हणणे तेव्हा खरे असते!

चार्ज म्हणजे काय, हे आपल्यातल्या जाणत्यांना सांगायला नको, पण टपाल खात्यातल्या साथींसाठी थोडे सांगतो. रात्री दोनला एखाद्या स्टेशनवर पॉइंट फेल होतो. गाडी होम सिग्नलला उभी. स्टेशन मास्तर फेल्युअर मेमो देतो. रिले रूमला दुहेरी कुलूप. एक किल्ली मास्तरकडे, दुसरी सिग्नलवाल्याकडे. दोघे मिळून दार उघडतात, वेळ लिहितात, सह्या करतात. दोष रिलेत आहे, केबलमध्ये आहे की बाहेर पॉइंट मशीनमध्ये, हे त्या माणसाला अंधारात, कंट्रोलचा फोन दर दोन मिनिटांनी वाजत असताना ठरवायचे असते. डिस्कनेक्शन द्यायचे की नाही, तेही. चुकीची जोडणी केली तर माणसे मरतात, हे त्याला ठाऊक असते. अशा वीस रात्री ज्याने काढल्या त्याला पुढे कोणी नेतृत्व शिकवावे लागत नाही. मदतनीस त्याचे ऐकतात, मास्तर त्याच्यावर विश्वास ठेवतो, साहेब त्याला नावाने ओळखतो. लोणावळ्याच्या दोन दिवसांच्या शिबिरात हे मिळत नाही. त्या वीस रात्रींतून आपण भगिनींना ‘कशाला त्रास’ म्हणून वगळतो, आणि मग त्यांच्यासाठी शिबिर भरवतो.

सुरेखा यादव यांचे नाव आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातल्या, कराडच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्या. १९८८ मध्ये निवड झाली, १९८९ पासून कल्याणला असिस्टंट ड्रायव्हर म्हणून शिकू लागल्या; भारतीय रेल्वेची पहिली महिला इंजिनचालक. २००० साली लेडीज स्पेशल लोकल, ८ मार्च २०११ ला डेक्कन क्वीन पुण्याहून घाट उतरून मुंबईला, १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून वंदे भारत. सप्टेंबर २०२५ मध्ये, छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाल्या. वर्तमानपत्रांत आली ती ‘पहिली महिला’ ही तीन-चार छायाचित्रे. मला त्यांच्या कारकिर्दीतले दुसरेच महत्त्वाचे वाटते. मालगाडीपासून सुरुवात करून पायरी न गाळता त्या वर गेल्या. बोरघाटाचा चढ सदतीसास एक. तिथे मागून बँकर इंजिने लावावी लागतात. उतरताना ब्रेकवर ज्याचा हात बसलेला नाही त्याला ती गाडी कोणी देत नाही. घाटाचे प्रशिक्षण त्यांनी घेतले, म्हणून डेक्कन क्वीन मिळाली. पुढे कल्याणच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांनी इतरांना शिकवले. ‘बाई आहे, घाटात कशाला’ असे म्हणून कोणी त्यांना बुकिंग ऑफिसात बसवले असते, तर आज आपण कोणाचे नाव घेतले असते?

विज्ञानाच्या क्षेत्रातही असेच आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तेव्हा संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळालेला माणूस, पण मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी घेतले, तेही वर्षभर कच्च्या खात्यावर, संचालकांचे समाधान झाले तर काम मान्य अशा अटीवर. त्यांनी काम केले, अट गळून पडली, आणि १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. म्हणजे प्रोबेशन आपल्या खलाशालाच असते असे नाही! टपालातल्या साथींना आवडेल अशीही एक हकीकत आहे. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना साध्या पोस्टकार्डावर जाब विचारला, मुलाखतीचे बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. कार्ड वेळेवर पोचवणाऱ्या त्या पोस्टमनचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. असो.

दार असे एकेकीने ठोठावून उघडले. दार उघडल्यावर आत टिकायचे कसे, याचे उत्तर मात्र एकेकीचे नसते. १९७३ साली मुंबईत स्त्री-वैज्ञानिकांनी स्वतःची संघटना काढली, इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन. या शिकलेल्या बायकांनी वाशीला काय उभारले? नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघर. अणुशक्तीसारख्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनाही कळले होते की मूल कोण सांभाळणार आणि रात्री राहायचे कुठे, हे सुटल्याखेरीज प्रयोगशाळेतला चार्ज हातात येत नाही. हे तर शुद्ध युनियनचे काम आहे. आपण ते किती शाखांत केले?

इंजिनातल्या संडासाचा प्रश्न घ्या. २०१६ साली संडास असलेले पहिले इंजिन वाजतगाजत रवाना झाले. अजूनही कित्येक इंजिनांत ती सोय नाही. ड्यूटी लांबली की बाईने पाणी प्यायचे नाही, हाच तिने स्वतःपुरता काढलेला उपाय. मग काही भगिनी कॅडर बदलून मागतात, आणि आपल्यातलेच काही म्हणतात, “बघा, झेपत नाही.” अहो, पुरुष लोको पायलटलाही हे झेपत नाही, त्याने रुळाकडेला सोय शोधली म्हणून त्याची तक्रार झाली नाही एवढेच. कॅडर बदलून देणे हा त्या भगिनीपुरता दिलासा आहे, तो तिने मागितला तर तिच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. पण त्या एका पत्राबरोबर इंजिनातल्या सोयीचे दुसरे पत्र गेलेच पाहिजे. पहिले पत्र आपण झटपट लिहितो. दुसरे राहून जाते.

रात्रपाळीच्या कायद्याचेही सांगितले पाहिजे, कारण त्यात गोंधळ आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत स्त्रियांना कारखान्यात काम देण्यास मनाई होती. रेल्वेची रनिंग शेड मात्र कारखान्याच्या व्याख्येतून वगळलेली, म्हणून वर्कशॉपात मनाई आणि शेडमध्ये मोकळीक, असा प्रकार. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत स्त्रीच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रीचे काम देता येते. या संहितांना कामगार चळवळीचा जो विरोध आहे तो आहेच. पण ‘संमती’ या शब्दाकडे लक्ष ठेवा. संमती नाही दिली तर टेबलावर पाठवू आणि दिली तर संडास नाही, अशा संमतीला अर्थ नाही. संमतीच्या कागदाआधी खोली, दिवा, येण्याजाण्याची गाडी आणि महिला सुपरवायझर आहे का, हे शाखेने जाऊन पाहायचे. साहेबांनी दाखवलेला फोटो पाहून परत यायचे नाही.

बालसंगोपन रजा ७३० दिवसांची, २००८ पासूनची. आता पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३६५ दिवस ऐंशी टक्के पगारी. हा हक्क आहे. तरी सिकंदराबादला सिग्नलच्या किंवा नाशिक रोडला इलेक्ट्रिकलच्या प्रशिक्षणाला नावे पाठवताना ‘ती रजेवर असते’ म्हणून नाव कापले जाते. कोणी कापले याची नोंद कुठेच नसते. मुलाला घेऊन राहायची सोय वसतिगृहात आहे का, एवढे विचारले तर निम्मी नावे परत येतील, असे माझे मत आहे.

टपाल खात्यात वेगळे चित्र दिसते. काउंटरवर भगिनी आधीपासून आहेत. दहावीच्या गुणांवर ग्रामीण डाक सेवकांची भरती होऊ लागल्यापासून गावच्या शाखेतही हातात यंत्र घेतलेली मुलगी दिसते. त्या डाक सेवक भगिनींना १८० दिवसांची प्रसूती रजा मिळाली ती २०१८ मध्ये, कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर, आणि संघटनांच्या रेट्यानंतर. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर नवी संगणक प्रणाली आली तेव्हा काय झाले ते आठवा. सर्व्हर रांगत होता, लोक रांगेत ओरडत होते, आणि ज्या भगिनींनी रात्री घरी बसून ती प्रणाली समजून घेतली त्यांनी आठवड्याभरात अख्खे कार्यालय शिकवून मार्गावर आणले. हे नेतृत्व नव्हे तर काय? त्यांच्यापैकी किती जणींना प्रशिक्षक म्हणून विभागीय केंद्रात बोलावले, किती जणींना आपण प्रणालीच्या तक्रारी मांडायला जेसीएमच्या बैठकीत नेले? ते काम आपण कधी माऊसला हात न लावलेल्या ज्येष्ठ पदाधिकाऱ्यावर सोडतो. (मीही त्यातलाच.)

आता आपल्या घरचे. मणिबेन कारा यांनी रेल्वे कामगारांच्या चळवळीत वर्षानुवर्षे नेतृत्व केले. त्या काळी रेल्वेच्या लाइनवर आणि शेडमध्ये स्त्री कर्मचारी औषधालाही मिळत नसे. आपले आजोबा-वडील एका बाईच्या मागे उभे राहिले, आणि त्यांची मिशी काही खाली आली नाही. आज भगिनी आत आहेत, ग्रीस आणि सोल्डरचे डाग अंगावर घेऊन आहेत, आणि आपल्या शाखांच्या कार्यकारिणीत त्या कुठे आहेत? ‘महिला समिती’त. ती समिती वर्षातून एकदा रांगोळी आणि संगीत खुर्ची घेते. संघटनेचे निर्णय होतात संध्याकाळी सातनंतर, चहाच्या तिसऱ्या फेरीला, जेव्हा त्या घरी पोळ्या लाटत असतात. ४ ते ६ डिसेंबर २०२४ च्या मान्यतेच्या गुप्त मतदानात आपण सगळ्यांनीच त्यांच्या दारात जाऊन हात जोडले. मतदान झाले, हात सुटले.

‘त्याच पुढे येत नाहीत’ हे नेहमीचे उत्तर. काही येत नाहीत, खरे आहे. सात वर्षे मस्टर भरल्यावर कोण पुढे येईल? ‘ज्येष्ठता डावलली जाईल’ हे दुसरे. मी म्हणतो, ज्येष्ठतेने जिचा क्रम आहे तिला तो तरी द्या. कोणी परीक्षेत पाच गुण जास्त मागितलेले नाहीत. मागितले आहे ते एवढेच की शिकण्याचे काम मिळावे.

तेव्हा शाखा सचिवांना विनंती. येत्या महिन्यात आपल्या शाखेतील तांत्रिक पदावरच्या प्रत्येक भगिनीचे नाव, हुद्दा, आणि ती प्रत्यक्षात आज कोणत्या कामावर आहे, याची यादी करा. हुद्दा आणि काम यांत फरक असेल तर तो कोणाच्या पत्राने पडला तेही लिहा, पत्र युनियनचे असले तरी. ज्यांना कामावर परत जायचे आहे त्यांच्याशी एकेकटीशी बोला. नवऱ्याशी किंवा वडिलांशी बोलून येऊ नका. त्यांच्यातल्या किमान दोघींना पुढच्या पीएनएमच्या वा जेसीएमच्या शिष्टमंडळात घ्या, आणि सोयींचा नव्हे तर तांत्रिक विषय, म्हणजे सुट्या भागांचा तुटवडा, ब्लॉकची वेळ, सर्व्हरची गती, त्यांना मांडू द्या. शाखेची एक तरी बैठक जेवणाच्या सुट्टीत लावा.

याद्या महासंघाच्या कार्यालयात आल्या की या पानावर शाखावार आकडे छापू. माझ्या जुन्या शाखेची यादी मी स्वतः करायला घेतली आहे. पहिल्या ओळीत टाइम ऑफिसातल्या त्या ताईंचे नाव आहे, आणि समोरच्या रकान्यात, पत्र कोणाचे, तिथे माझे.